सव्वाशे नंबरचा जेट

काश्मिरी दरवाजाचे नाव निघाले की इतिहासाच्या वाचकाला १४ सप्टेंबर १८५७ ची सकाळ आठवते. इंग्रजांनी सुरुंग लावून तो दरवाजा फोडला आणि त्याच वाटेने ते दिल्लीत शिरले. आज त्या दरवाजाच्या पलीकडे मोटारींच्या सुट्या भागांचा अफाट बाजार पसरला आहे. तेथे गेल्या हिवाळ्यात आम्ही काही शनिवार घालवले, ते एका पितळेच्या तुकड्यासाठी. तुकडा करंगळीच्या नखाएवढा; पण त्याच्या शोधात जे हाती आले, तो दिल्लीचा आणि थोडाफार आपल्या महाराष्ट्राचाही इतिहास आहे, असे वाटल्यावरून हे लिहावयास घेतले.

आमच्या एका वृद्ध स्नेह्यांकडे पन्नाशी ओलांडलेली फियाट ११०० आहे. अलीकडे ती गचके खाऊ लागली, थंडीत लवकर सुरू होईना, चढावर दम टाकू लागली. मेस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडला, धुतला, पुन्हा बसवला. दुखणे तसेच राहिले. 'मिश्रण पातळ होते आहे, जेट बदला,' एवढाच त्यांचा निर्णय. जेट झिजला म्हणावे तर झिजलेल्या छिद्रातून पेट्रोल अधिक जाते. येथे ते कमी पडत होते.

जेट म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख याने फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला. इंजिन हवा ओढते, अरुंद गळ्यातून जाताना त्या हवेचा वेग वाढून दाब उतरतो आणि त्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोल उसळून हवेत मिसळते. ते छिद्र ज्या पितळी खिळीत असते ती जेट. पुढे झेनिथ, सोलेक्स, एसयू अशी निरनिराळी घराणी झाली, तरी तत्त्व हेच राहिले. सोलेक्सच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. मात्र सर्व घराण्यांची भाषा एक नव्हे. मोटारसायकलींच्या अमल कार्ब्युरेटरच्या जेटवर तोच आकडा दिसला, तर तो व्यास नसून मिनिटाला वाहणाऱ्या द्रवाचे घन सेंटिमीटर असतात. केवळ आकडा जुळला म्हणून जेट जुळत नाही.

असा जेट दिल्लीत शोधावा का लागतो, याचे उत्तर जुन्या सरकारी धोरणात आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत मोटारी जोडून विकल्या होत्या. १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की, ज्यांची येथे मोटारी बनवण्याची योजना आहे त्यांनीच हा धंदा करावा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने आपला कारखाना मिटला. देशी कारखानदारी वाढावी हा हेतू योग्यच होता; परंतु रस्त्यावर असलेल्या परदेशी गाड्या त्यामुळे पोरक्या झाल्या. आयातीला परवाना लागे, आणि एका जेटसाठी परवाना कोण मागणार? तेव्हा एका गाडीचे मरण हेच दुसऱ्या गाडीचे औषध झाले.

दिल्लीत हे औषध जमा करणारे बाजार उभे राहिले. गोऱ्या साहेबांची खरेदीची पेठ म्हणून एकेकाळी मिरवणारा काश्मिरी दरवाजाचा परिसर कनॉट प्लेस वसल्यावर मागे पडला आणि पुढे मोटारींच्या भागांसाठी प्रसिद्ध झाला. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या अनेक निर्वासित कुटुंबांनी याच धंद्यात पाय रोवले. महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्यांचा माल बाजारात होताच. मोतिया खानचा भंगार बाजार सत्तरीच्या दशकात मायापुरीला हलवण्यात आला. १९६४ मध्ये 'स्टेट्समन' या वृत्तपत्राने दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. तीत रेल्वे संग्रहालयाचा १९१४ सालचा अग्निशामक बंबही धावत आला आहे. लोक टाळ्या वाजवतात त्या गाड्यांना. त्यांच्यामागे या गल्ल्यांतील पितळेच्या डब्यांचा पुण्यभाग असतो, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाडीत काही बिघडले नव्हते; बदलले होते ते पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते प्रमाण देशभर गाठले गेले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीतील संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या जेटला ते कळत नाही. त्याचे छिद्र तेवढेच, म्हणून मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १२० च्या जागी १२५ घातला की ते साडेआठ टक्क्यांनी वाढते. स्नेह्यांच्या गाडीतील जेटवर १२० असाच आकडा होता. तेव्हा हवा होता तो सव्वाशे नंबरचा.

येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. ही फियाट कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची. तो उभारला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. त्याच वालचंदांनी वालचंदनगरला साखर कारखाना काढला. आजच्या इथेनॉलचा मोठा वाटा उसापासून येतो. म्हणजे एकाच पुरुषाच्या दोन उद्योगांचे वारस दिल्लीत एका गाडीच्या कार्ब्युरेटरात भेटले आणि त्यांचे पटेना!

सव्वाशेचा जेट तिसऱ्या शनिवारी मिळाला. पण टंचाईच्या काळात जुने छिद्र डाखाने बुजवून नवे पाडण्याची, किंवा आहे तेच मोठे करण्याची रीत सर्रास होती. वरचा आकडा मात्र तसाच राही. म्हणून आम्ही घरी परीक्षा केली. डब्याच्या बुडाला आळीपाळीने जेट बसवून ठरावीक खुणेपर्यंतचे पाणी गळायला किती वेळ लागतो ते मोजले. जुन्या १२० ला १०४ सेकंद लागले. खऱ्या १२५ ला ९६ लागावयास हवे होते. बाजारातल्याला लागले ८१. कोणीतरी ते छिद्र १३५ च्या घरात नेले होते. तो बसवला असता तर गाडी काळा धूर ओकली असती आणि आम्ही इथेनॉलला दोष देत बसलो असतो. पुढच्या खेपेस आणलेल्याने ९७ सेकंद घेतले. तो बसवला. गचके थांबले.

या साऱ्याला आज एक निकड आहे. राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घातलेली बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागू करण्यास सांगितली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बाह्यांग, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी तिची अट आहे. अट रास्त आहे. तथापि 'मूळ रूप' म्हणजे मूळ आकडा असे कोणी समजू नये. कार्ब्युरेटर करणाऱ्यांनी जेट आटे पाडून काढता-घालता येईल असाच केला आणि त्याच्या लहानमोठ्या मापांची माळ विकली. गाडी कोणत्या प्रदेशात, किती उंचीवर, कोणत्या इंधनावर चालेल हे आपणांस ठाऊक नाही, याची ती कबुलीच होती. जेट बदलणे म्हणूनच मूळ रचनेशी इमान राखणेच ठरते.

दिल्लीसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला, २००० मध्ये राजधानी क्षेत्रात युरो दोनचे निकष आले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. आकडा वाचणारे, आणि आकड्यावर विश्वास न ठेवता छिद्र पारखणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. ज्या दुकानदाराने खरा जेट दिला, त्याने तो डब्यातून काढून उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून पाहिला आणि मगच आमच्या हातावर ठेवला. पाण्याची आमची परीक्षा त्यानंतरची. त्याने ती डोळ्यांनीच केली होती.