अन्नपुरवठा, शासन आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक (1943–1965)

मार्च 1942 मध्ये रंगून जपानी सैन्याच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात येणाऱ्या तांदुळाचा ओघ थांबला. देशातील एकूण उत्पादनाच्या मानाने ही आयात अल्पच होती. तथापि मुंबई व त्रावणकोर-कोचीन यांसारखे तुटीचे प्रदेश तिच्यावर विसंबून होते. त्यातच निरनिराळ्या प्रांतांनी धान्य बाहेर नेण्यास बंदी घातल्याने अंतर्गत व्यापारही खंडित झाला. 1943 च्या बंगालमधील दुष्काळात चौकशी आयोगाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 15 लाख माणसे दगावली. पुढील अभ्यासकांनी हा आकडा 30 लाखांपर्यंत नेला आहे. धान्य पिकणे आणि ते माणसाच्या घरापर्यंत पोचणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे या आपत्तीने दाखवून दिले.

मुंबई शहरात 2 मे 1943 रोजी धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले. ‘शिधा’ म्हणजे ब्राह्मणास अथवा पाहुण्यास द्यावयाचे कोरडे धान्य. हा जुना शब्द आता शिधापत्रिकेवर आला. जे पूर्वी दात्याच्या मर्जीचे होते, ते नागरिकाच्या हक्काचे झाले. अर्थात हा हक्क पाळावयाचा, तर शासनास साठे, वाहतूक व किंमती यांचे अचूक ज्ञान हवे होते.

त्याच वर्षी थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटप सुरू करावे आणि पाच लाख टनांचा मध्यवर्ती साठा उभारावा, अशा शिफारशी केल्या. ग्रेगरी हे शासनाचे आर्थिक सल्लागार होत. तत्पूर्वी ते लंडनमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुण्यात 1930 साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी नी. वि. सोवनी यांच्यासह युद्धकालीन आर्थिक धोरणाची चिकित्सा करणारा ग्रंथ 1943 मध्येच प्रसिद्ध केला. एक अभ्यासक शासनाच्या आत होता, तर दुसरे बाहेरून त्याचे परीक्षण करीत होते.

1947 मध्ये गाडगीळही आत आले. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील वस्तु-किंमत मंडळाचे ते सदस्य झाले. नियंत्रणे चालू ठेवावीत, असा मंडळाचा अभिप्राय होता. परंतु नियंत्रणांतील काळाबाजार व भ्रष्टाचार यांना लोक कंटाळले होते. गांधीजींचाही नियंत्रणांस विरोध होता. डिसेंबर 1947 मध्ये शासनाने धान्यावरील नियंत्रणे उठविण्यास आरंभ केला. त्यानंतर किंमती झपाट्याने चढल्या आणि सप्टेंबर 1948 मध्ये नियंत्रणे पुन्हा आणावी लागली. मधल्या काही महिन्यांचा भार तुटपुंज्या मिळकतीच्या कुटुंबांनी सोसला.

येथे अभ्यासकांचा तर्क चुकला नव्हता. त्या तर्कास स्थैर्य देणारी व्यवस्था नव्हती. संकटात नेमलेले मंडळ संकट ओसरल्याच्या भासाबरोबर दुर्लक्षिले गेले. ही उणीव पुढे जानेवारी 1965 मध्ये अंशतः भरून निघाली. साठवण व वितरणासाठी भारतीय अन्न महामंडळ आणि किंमतींविषयी सल्ला देण्यासाठी कृषिमूल्य आयोग त्या महिन्यात अस्तित्वात आले. मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक एम. एल. दांतवाला हे आयोगाचे पहिले अध्यक्ष होत. आयोगाचा सल्ला शासनावर बंधनकारक नव्हता. परंतु तो हंगामागून हंगाम आणि पुराव्यानिशी दिला जाऊ लागला. शासन आणि विद्वान यांच्या सहकार्याची कसोटी टंचाईच्या वर्षी लागत नाही. ती कोठारे भरलेली असतात त्या वर्षी लागते, हाच या बावीस वर्षांच्या इतिहासाचा बोध होय.