श्रेयांकांचे गणित : १२० मोठे की १६०?

अबुधाबीच्या खलिफा सिटीतील झायेद विद्यापीठाला २००८ पासून अमेरिकी अधिस्वीकृती आहे. अमेरिकी धर्तीच्या चार वर्षांच्या पदवीसाठी साधारणपणे १२० श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, लागतात. भारताच्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार चार वर्षांचे १६० होतात. त्यावरून पहिला अभ्यासक्रम हलका, असा पालकांचा सहज समज होतो. प्रत्यक्षात दोन्हीकडचे माप वेगळे आहे.

भारतीय आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे एकूण ३० तासांचे अध्ययन. तासिका, प्रात्यक्षिके, स्वाध्याय सारे त्यातच धरलेले. अमेरिकी पद्धतीत आठवड्याला एक तास वर्गात आणि त्यामागे दोन तास वर्गाबाहेर, असे सुमारे १५ आठवडे. म्हणजे ४५ तास. या हिशेबाने १६० श्रेयांकांचे ४,८०० तास होतात, तर १२० श्रेयांकांचे ५,४००.

सत्रात १५ श्रेयांक घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात आठवड्याचे १५ तासच दिसतात. उरलेले ३० तास त्याने स्वतः काढायचे असतात. चाचण्या, निबंध व प्रकल्पांचे गुण सत्रभर जमा होत असल्याने परीक्षेआधी रात्री जागून तूट भरून निघत नाही. बारावीपर्यंत शिकवणीच्या शिस्तीत वाढलेल्या मुलांना पहिले सत्र म्हणूनच जड जाते. श्रेणीची सरासरी घसरली, की गुणांवर मिळालेली शिष्यवृत्तीही धोक्यात येते. विषय निवडतानाच प्रत्येक तासिकेमागे दोन तास राखून ठेवावेत, ते यासाठीच.