मलेशिया : पाच वर्षांसाठी निवडला जाणारा बादशाह

बादशाहत म्हटली की बापानंतर बेटा तख्तावर, हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. आज जगातल्या चाळीसहून अधिक देशांत राजा किंवा राणी राष्ट्रप्रमुख आहे आणि बहुतेक ठिकाणी हीच रीत चालते. मलेशियात मात्र बादशाह मतदानाने निवडला जातो आणि पाच वर्षे झाली की तख्त सोडून आपल्या संस्थानात परत जातो. ही पद्धत नेमकी काय आहे, ते आपण पाहू.

नऊ घराणी, एक तख्त

मलेशियात 13 राज्ये आहेत. त्यांपैकी नऊ राज्यांत वंशपरंपरागत शासक आहेत. सात ठिकाणी त्यांना सुलतान म्हणतात, पर्लिसमध्ये राजा, तर नेगेरी सेंबिलानमध्ये यांग दी-परतुआन बेसार. पेनांग, मलाक्का, सबाह आणि सारावाक या चार राज्यांत राजघराणे नाही. मलाक्काची सल्तनत तर 1511 सालीच पोर्तुगिजांनी संपवली होती.

हे नऊ शासक आपल्यातूनच देशाचा बादशाह निवडतात. त्याला यांग दी-परतुआन अगोंग म्हणतात. मतदान गुप्त असते आणि किमान पाच मते लागतात. घराण्यांची पाळी ठरलेली आहे. पण पाळी आली म्हणून तख्त आपोआप मिळत नाही, बाकीच्यांची पसंतीही हवी.

31 ऑगस्ट 1957 रोजी देश आझाद झाला, तेव्हा नेगेरी सेंबिलानचे तुआंकू अब्दुल रहमान पहिले अगोंग झाले. रिंगिटच्या नोटांवर आजही त्यांचाच चेहरा आहे. जोहोरचे सुलतान इब्राहिम यांनी 31 जानेवारी 2024 रोजी सतरावे अगोंग म्हणून शपथ घेतली.

तख्त टिकले कसे?

1874 च्या पांगकोर करारानंतर इंग्रजांनी पेराकमध्ये आपला रेसिडेंट बसवला. मलय धर्म आणि रीतिरिवाज सोडून बाकी सगळ्या कारभारात सुलतानाने त्याचा सल्ला मानायचा, अशी अट होती. हीच पद्धत पुढे इतर संस्थानांतही आली. म्हणजे सत्ता गेली, पण धर्माचे प्रमुखपद सुलतानांकडे राहिले. 1946 साली इंग्रजांनी सुलतानांचे उरलेसुरले सार्वभौमत्वही काढून घ्यायचा घाट घातला, तेव्हा मलय जनता रस्त्यावर उतरली. अखेर 1948 साली ती योजना गुंडाळावी लागली.

रेसिडेंट आपल्याकडच्या संस्थानांतही होते. पण जंजिरा, कोल्हापूरसारखी संस्थाने आझादीनंतर विलीन झाली आणि 1971 साली राजांचे तनखेही बंद झाले. मलेशियाने मात्र आपल्या सुलतानांना राज्यघटनेत जागा दिली.

अधिकार किती?

रोजचा कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ चालवते. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकावर अगोंगने 30 दिवसांत सही केली नाही, तरी त्याचा कायदा होतो. नऊ राज्यांत इस्लाम धर्माचे प्रमुखपद तिथल्या शासकाकडे असते. अगोंग झालेला सुलतान आपल्या राज्याचा कारभार राजप्रतिनिधीकडे सोपवतो, पण धर्माचे प्रमुखपद स्वतःकडेच ठेवतो.

अगोंगचा खरा कस लागतो तो त्रिशंकू संसदेत. नोव्हेंबर 2022 च्या निवडणुकीत 222 पैकी 112 जागा कोणत्याच आघाडीला मिळाल्या नाहीत. पंतप्रधान कोण, यावर पाच दिवस घोळ चालला. त्या वेळचे अगोंग, पहांगचे सुलतान अब्दुल्ला यांनी पक्षनेत्यांना बोलावून घेतले, इतर शासकांशी सल्लामसलत केली आणि 24 नोव्हेंबरला अन्वर इब्राहिम यांना शपथ दिली.

बादशाहही कायद्याखाली

पूर्वी या शासकांवर कोर्टात खटला भरता येत नसे. 1992 साली एका सुलतानावर हॉकी प्रशिक्षकाला मारहाण केल्याचा आरोप झाला आणि देशभर गदारोळ उठला. महाथीर मोहम्मद यांच्या सरकारने 1993 मध्ये घटनादुरुस्ती करून हे संरक्षण काढून घेतले. आता शासकांवरचे खटले खास न्यायालयात चालू शकतात.

आमच्या मते मलेशियाची बादशाहत टिकली, याचे कारण हेच. तख्त एका घराण्याची मिरास राहिले नाही, त्याला मुदत आली आणि त्यावर बसणाऱ्यालाही जाब विचारता येऊ लागला. ज्या तख्ताला हिशेब द्यावा लागतो, ते लोकांना ओझे वाटत नाही.