घारापुरी : बेट, बंदरे आणि वस्ती

घारापुरीवर लिहिणारे बहुतेक जण लेण्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. पण हे बेट नीट समजून घ्यायचे असेल, तर आधी भरती-ओहोटी पाहिली पाहिजे. गेटवे ऑफ इंडियापासून पूर्वेला सुमारे 10 किलोमीटरवर, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात हे बेट येते. भरतीच्या वेळी त्याचे क्षेत्रफळ सुमारे 10 चौरस किलोमीटर असते. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते 16 पर्यंत जाते. कडेने तिवरांची दाटी. अशा किनाऱ्याला होडी वाटेल तिथे लागत नाही. वस्ती झाली ती उतरायच्या जागा धरूनच : वायव्येला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर, दक्षिणेला राजबंदर.

आत दोन टेकड्या आणि मधे अरुंद घळ. खडक दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे काळा बेसाल्ट. पश्चिमेच्या टेकडीत पाच शैव लेणी आहेत. पूर्वेकडे बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही.

मुख्य लेण्यातील सदाशिव सुमारे 6 मीटर उंच आहे. त्याला आपण सर्रास त्रिमूर्ती म्हणतो, पण तो ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हे. तिन्ही मुखे शिवाचीच. पाहणाऱ्याच्या डावीकडचे मुख अघोराचे. त्याला मिशा आहेत, चर्या उग्र आहे. उजवीकडच्या वामदेवाच्या हाती कमळ आहे आणि चेहऱ्यावर स्त्रीसुलभ मार्दव. मधला चेहरा डोळे मिटून स्वस्थ. एकाच पाषाणात संताप, माया आणि शांती इतक्या जवळ आणणारे दुसरे शिल्प भारतात मला ठाऊक नाही.

हे कोणी कोरवले? बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत, त्यामुळे सहाव्या शतकाच्या मध्याकडे बोट जाते. खात्री देणारा शिलालेख मात्र हाती नाही. एक कोरीव शिळा पोर्तुगीजांनी पोर्तुगालला नेली आणि ती तिथे हरवली. इ.स. 634च्या ऐहोळे प्रशस्तीत चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौका घेऊन जिंकलेली ‘पुरी’ ही राजधानी येते. काही अभ्यासक ती हीच मानतात, काही राजापुरीकडे वळतात. चिखलाने वेढलेल्या एवढ्याशा बेटावर राजधानी मावली असेल का, ही शंका मला रास्त वाटते.

1534 साली वसईच्या तहाने हा टापू पोर्तुगीजांकडे गेला. किनाऱ्यावरचा दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. पुढे ते सांधण्यात आले आणि आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. युनेस्कोने 1987 साली लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

बेटावर आज हजार-बाराशे माणसे राहतात. त्यांची कमाई मुख्यतः पर्यटकांवर, आणि पर्यटकाला रात्री मुक्कामाची परवानगी नाही. त्यामुळे शेवटची लाँच सुटली की बाजार उठतो. जगाने वारसा म्हणून मान दिलेल्या या बेटाला अनेक वर्षे जनरेटरवर संध्याकाळचे काही तासच वीज मिळत होती. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. समोर मुंबई रात्रभर उजळलेली दिसत असताना या गावांना इतकी वर्षे थांबायला लावले, हा निव्वळ अन्याय होता.