सेल बदलता येत होते तेव्हा

खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांचा इतिहास सांगताना कोणतं यंत्र कधी आलं आणि त्यात किती गाणी मावली, याचीच चर्चा जास्त होते. मला आज वेगळी गोष्ट सांगायची आहे. ही यंत्रं टिकली कशी, आणि ती टिकवणं कोणाच्या हातात होतं?

फिलिप्स कंपनीनं १९६३ मध्ये कॅसेट आणली. तिच्यावर चालणारा सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. किंमत ३३ हजार येन. त्याला दोन पेन्सिल सेल लागत. आत छोटी मोटर, तिची गती चाकांपर्यंत नेणारा रबरी पट्टा, फीत पुढे ओढणारं रबरी चाक आणि फीत वाचणारं हेड. फीत सरकायची ती सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर या वेगानं.

या यंत्राची दुखणी साधी होती आणि औषधंही घरगुती. फितीवरची भुकटी हेडवर बसली की आवाज दबका येई. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं की तो पुन्हा मोकळा होई. पट्टा सैल पडला की गाणारा रेंगाळत, खालच्या पट्टीत गाऊ लागे. रबरी चाक खराब झालं की फीत आत गुंतायची. मग कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून ती गुंडाळत बसायचं. न वापरता ठेवून दिलेल्या यंत्रातले सेल काढायचे, नाहीतर ते पाझरून आतल्या पत्र्या गंजत, हे घराघरांत ठाऊक होतं. स्पिरिटची बाटली आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर आमच्याही खणात असे. मोठं दुखणं असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली होतीच.

जुनं ते सोनं, असं मला म्हणायचं नाही. फीत झिजायची, मागे सतत खरखर असायची. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलनं आयपॉड जाहीर केला, तेव्हा एक हजार गाणी खिशात आली. पण त्याच्या कवचावर एकही स्क्रू दिसत नव्हता. आतली लिथियमची बॅटरी काहीशे वेळा चार्ज केल्यावर थकणारच होती, आणि ती बदलायची सोय मालकासाठी ठेवलेली नव्हती. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या नीस्टाट बंधूंनी या प्रश्नावर छोटा चित्रपट काढला, तो खूप गाजला. त्याच सुमारास कंपनीनं ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची योजना आणली. ग्राहक न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये तडजोड झाली.

पुढे २००५ मध्येच आलेल्या शफल आणि नॅनोमध्ये तर फिरणारा एकही भाग गाणं वाजवायला लागत नव्हता. ना पट्टा, ना चाक, ना चकती. म्हणजे ही यंत्रं वॉकमनपेक्षा जास्त टिकायला हवीत. परंतु हमखास झिजणारी एकच वस्तू, ती बॅटरी, आत बंद केलेली. त्यामुळे धडधाकट यंत्रं खणात पडून राहिली. उलट पहिल्या पिढीतले वॉकमन नवा पट्टा घालून आजही वाजवता येतात.

२०२२ च्या मे महिन्यात आयपॉडचं उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. २०२३ मध्ये युरोपीय संघानं नियम केला, की काही अपवाद सोडता, फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे.

वॉकमन घेणाऱ्याला हा हक्क मागावा लागला नव्हता. सेलचं झाकण बोटानं सरकवलं की तो मिळत होता. पैसे मोजून घेतलेली वस्तू किती वर्षं चालवायची, हे घेणाऱ्यानं ठरवावं, एवढीच मुळात ही मागणी आहे. पुढचं यंत्र घेताना दुकानदाराला गाण्यांची संख्या विचाराच. पण बॅटरी कशी बदलायची, हे त्याआधी विचारा.