हरवलेल्या अक्षराची खूण

आठवीच्या वह्या तपासताना ‘कुत्रा आणि त्याचे शेपूट’ या अर्थाच्या वाक्यात एका मुलाने ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी घातलेली दिसली. मी ती लाल शाईने खोडली आणि वर्गात त्याला चार शब्द सुनावले. पोरगा मान खाली घालून म्हणाला, “सर, रामाच्या पुस्तकाला ती लागते, मग कुत्र्याच्या शेपटाला का नको?”

“नियमच आहे तसा,” म्हणून मी त्याला खाली बसवले. पण ते काही उत्तर नव्हे, हे मला कळत होते.

वास्तविक हे चिन्ह म्हणजे हरवलेल्या अक्षराची खूण. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘पाठ फिरवणे’ असा आहे. १५२९ साली ज्यॉफ्रॉ तोरी या फ्रेंच मुद्रकाने त्याचा पुरस्कार केला आणि त्याच शतकात ते इंग्लंडात पोचले. जुन्या इंग्रजीत ‘राजाचा’ म्हणायला ‘क्यूनिंगेस’ म्हणत. पुढे या शेवटच्या ‘ई-एस’मधला ‘ई’ गळाला आणि त्याच्या रिकाम्या जागी हे चिन्ह येऊन बसले.

मधल्या काळात हे मूळ लोक विसरले. तो ‘एस’ म्हणजे ‘हिज’चाच अवशेष, असे पुष्कळांना वाटे. बेन जॉन्सनचे नाटक १६०५ साली ‘सिजेनस हिज फॉल’ या नावानेच छापले गेले. पण मग राणीच्या मुकुटालाही तोच ‘एस’ कसा, याचे उत्तर त्या मताजवळ नव्हते.

अनेकवचनात चिन्ह ‘एस’च्या पुढे द्यायचे, हे तर बरेच उशिरा रुळले. आणि ‘त्याचे’ या अर्थाच्या ‘इट्स’मध्ये सतराव्या-अठराव्या शतकांतले छापखाने सर्रास अपॉस्ट्रॉफी घालीत! पुढे ‘हिज’प्रमाणे त्यालाही चिन्हावाचून लिहू लागले, आणि ‘इट इज’मधला ‘आय’ गळतो तेवढ्या ठिकाणी ते उरले.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘सोऽहम्’ लिहिले. “यातला ‘अ’ कुठे गेला?” असे विचारताच अवग्रहाकडे बोट दाखवणारा पहिला हात त्याच मुलाचा होता.

मी म्हणालो, “बाळ, तुझे फार चुकले नव्हते. तू अडीचशे वर्षे उशिरा जन्मलास, इतकेच. परीक्षेत मात्र आजचाच नियम पाळ.”

वर्ग हसला. तोही हसला. त्याच्या वहीतली लाल रेघ मात्र मला पुसता आली नाही.