पोकळ की भरीव?

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीने विचारले, "मामा, इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. पोकळ घेऊ की भरीव?" शिकवण्या करून तिने पैसे साठवले होते. मला गिटार वाजवता येत नाही, पण भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट गाठीशी असल्याने मी लगेच सांगून टाकले, "पोकळ. सतारीला भोपळा का असतो? पेटीशिवाय नाद कुठला?" तिने माझे ऐकले. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ड्रमच्या जोडीला आवाज वाढवताच त्या गिटारीने असा हंबरडा फोडला, की वादन थांबवावे लागले. पुढे या वाद्याचा इतिहास वाचला तेव्हा कळले, की माझी चूक जुनीच होती. कितीतरी अनुभवी गिटारनिर्मातेही बराच काळ याच समजुतीत अडकले होते.

1920 च्या दशकातल्या अमेरिकेत गिटारवादकाची एकच तक्रार असे : ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गदारोळात आपल्याला कोणी ऐकत नाही. यावर उपाय निघाला तो शंभर वर्षे जुन्या शोधातून. तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीजदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅराडे यांनी 1831 मध्ये दाखवले होते. लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बोशाम्प यांनी 1931 मध्ये गिटारीच्या पोलादी तारांपाशी चुंबक आणि वेटोळे बसवले. चुंबकाजवळची तार स्वतःही थोडी चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातील क्षेत्र त्याच तालात कमीजास्त होते, आणि तारेच्या कंपनांची जणू विद्युत प्रतिकृती ध्वनिवर्धकाकडे जाते. या जोडणीला 'पिकअप' म्हणतात. पिकअप हवेतला आवाज टिपत नाही. तो तारेची हालचाल टिपतो. माझ्या चुकीचे मूळ हा फरक विसरण्यात होते.

बोशाम्प आणि अॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी 1932 पासून विकायला काढलेली गिटार अॅल्युमिनियमची ओतीव होती. गोल अंग आणि लांब दांडा यांमुळे तिला 'फ्राइंग पॅन' हे टोपणनाव पडले. पेटंट मिळायला 1937 साल उजाडले. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची हवाईयन गिटार होती. (याच जातीच्या विद्युत गिटारीवर व्हॅन शिप्ली यांनी वाजवलेली हिंदी चित्रपटगीते आपल्याकडच्या जुन्या रसिकांना आठवत असतील.) म्हणजे व्यापारी यश मिळवणाऱ्या पहिल्या विद्युत गिटारीलाच मोठी लाकडी पेटी नव्हती! तरीही उभी धरून वाजवण्याच्या गिटारी बनवणाऱ्यांना पेटी सोडवेना. गिब्सन कंपनीने 1936 मध्ये आणलेली 'ईएस-150' ही पोकळ गिटारच होती, फक्त तिला पिकअप जोडला होता. 1939 मध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात आलेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी हीच गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीला आणून बसवली.

आवाज आणखी वाढवला, तेव्हा मात्र पेटी अंगाशी आली. बक्षीस समारंभात माईक कर्ण्यासमोर आला की शिट्टी वाजते, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला असतो. इथेही तेच घडते. कर्ण्यातून आलेल्या आवाजाने पेटीचा पातळ पत्रा थरथरतो, त्याच्याबरोबर तारा हलतात, पिकअप ती हालचाल पुन्हा ध्वनिवर्धकाकडे पाठवतो आणि चक्र चढतच जाते. दुसरीही एक गोष्ट आहे. पेटी आवाज मोठा करते म्हणजे ऊर्जा निर्माण करत नाही. ती तारेचीच ऊर्जा भराभर हवेला देते. म्हणून स्वर मोठा येतो, पण लवकर विरतो. भरीव ठोकळा ही ऊर्जा फारशी घेत नाही. स्वर कानाला हळू लागतो, पण रेंगाळतो. हळू स्वर मोठा करायला ध्वनिवर्धक आहेच! पेटीचे काम थरथरण्याचे होते. विजेच्या गिटारीत अंगाने स्थिर राहायचे असते.

हे ज्यांना उमगले त्यांपैकी एक वादक होते लेस पॉल. 1940 च्या सुमारास त्यांनी पाइनच्या चौरस ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले. ओंडका पाहून श्रोते नाराज होतील म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या गिटारीच्या पेटीचे अर्धे अर्धे भाग नुसते शोभेला जोडले. गिब्सनने तेव्हा ही कल्पना नाकारली. दुसरे लिओ फेंडर. त्यांचे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते आणि त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. पेटीविषयी त्यांना फारशी माया नव्हती. 1950 मध्ये त्यांनी लाकडाच्या सपाट फळीचे अंग केले आणि मान चक्क स्क्रूने जोडली, म्हणजे बिघडली तर बदलता यावी. हीच गिटार 1951 पासून 'टेलिकास्टर' म्हणून ओळखली जाते. ती खपू लागल्यावर गिब्सनने 1952 मध्ये स्वतःची भरीव गिटार आणली आणि तिला नाव दिले लेस पॉल यांचेच!

मग भरीवच घ्यावी, असे म्हणायचे का? थांबा. एक वेटोळे असलेला पिकअप तारेबरोबर घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. अमेरिकेत ती 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 ची. गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये यावर तोड काढली. त्यांनी दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडली आणि त्यांच्या चुंबकांचे ध्रुवही उलटे ठेवले. बाहेरची गुणगुण एकदाच उलटी होते, म्हणून दोन वेटोळ्यांत ती परस्परांना छेद देते. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटा होतो. उणे गुणिले उणे म्हणजे अधिक, या न्यायाने त्याची बेरीज होते. पण याचीही किंमत मोजावी लागते. दोन वेटोळी तारेला दोन ठिकाणी 'पाहतात'. त्यामुळे मूळ स्वरासोबतचे अतिउच्च बारीक स्वर काहीसे पुसले जातात. आवाज भरदार होतो, पण टेलिकास्टरची धारदार खणखण उरत नाही. 1958 मध्ये गिब्सनने मधला मार्ग काढला : 'ईएस-335' मध्ये कडा पोकळ आणि मधोमध भरीव ठोकळा.

वर्गात याचा प्रयोग करता येईल. स्वरमापीच्या पोलादी तारेखाली लहान चुंबकावर गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारेक वेढ्यांचे वेटोळे ठेवा आणि त्याची टोके ध्वनिवर्धकाच्या माईकच्या खाचेत जोडा. वेटोळे मध्याकडून टोकाकडे सरकवा. आवाज घुमारा सोडून तीक्ष्ण होत जाईल. मग पोलादी तारेऐवजी पितळी तार लावा. आवाज जवळपास नाहीसा का झाला, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्या.

माझ्या भाचीने ती गिटार टाकली नाही. पेटीच्या भोकांत जुन्या ओढणीचे बोळे कोंबून तिने हंबरडा बराच आवरला. अनेक वादकांनी योजलेला हा उपाय तिला मी नव्हे, तिच्या एका मित्राने सांगितला. चार माणसांच्या बैठकीत ती गिटार आजही गोड वाजते. 'कोणती चांगली?' या तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी विचारायला हवे होते : कुठे वाजवणार, कोणासोबत, किती मोठ्याने? यातली प्रत्येक गिटार आधीच्या गिटारीच्या एखाद्या दोषावरचे उत्तर आहे आणि प्रत्येक उत्तराने एक नवा दोष पत्करला आहे. निवडायचे असते ते आपल्याला कोणता दोष चालेल, हे. शाळेसाठी उपकरणे घेतानाही हा प्रश्न विचारून पाहावा.